पावडर टॉयमधले लेसर : पाच रचनांची तपासणी

‘द पावडर टॉय’ हा संगणकावरचा खेळ वरवर पाहता अगदी साधा आहे. काळा पट, कडेला पदार्थांची यादी, आणि माउस ओढाल तिथे वाळू सांडते, पाणी वाहते, लाकूड पेट घेते. जिंकणे-हरणे नाही, गुण नाहीत. त्या पटाखाली चालणारे गणित मात्र बारीक आहे. पट ६१२ बाय ३८४ ठिपक्यांचा. प्रत्येक कणाला स्वतःचे तापमान, वेग आणि आयुष्य. हवेचा दाब चार बाय चार ठिपक्यांच्या चौकटींत वेगळा मोजला जातो. विजेची ठिणगी धातूतून धावते, न्यूट्रॉन प्लुटोनियमला फोडतात, फोटॉन काचेत शिरताना वळतात. स्टॅनिस्लाव स्कोव्रोनेक आणि सायमन रॉबर्टशॉ ही खेळाच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांतली दोन नावे. पुढे अनेकांनी हातभार लावला. खेळ मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. एखादा पदार्थ अमुक तऱ्हेने का वागतो, हे कोड वाचून कोणालाही पडताळता येते.

खेळाडूंनी या पटावर अणुभट्ट्या, बॉम्ब आणि चालते संगणकही बांधले. लेसर हा त्यांच्या खास आवडीचा विषय. गंमत अशी की लेसर नावाचा तयार पदार्थ खेळात नाहीच. हाताशी असलेल्या पदार्थांतून जो तो आपापला लेसर जुळवतो, आणि मग ‘कोणाचा भारी?’ हा वाद रंगतो. एकाच्या लेखी भारी म्हणजे धातू झटकन कापणारा, दुसऱ्याच्या लेखी पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाणारा, तिसऱ्याच्या लेखी संदेश अचूक पोहोचवणारा. कसोटीच ठरलेली नसल्यामुळे वाद मिटत नाही.

म्हणून आधी कसोटी ठरवू आणि मग प्रचलित असलेल्या पाच रचना त्यावर तपासू. माझा निष्कर्ष आताच सांगतो. ज्या रचनेला सगळे लेसर म्हणतात ती खऱ्या लेसरपेक्षा सूर्यप्रकाशाला जवळची आहे. सर्वांत वेगाने कापणारी रचना लेसरपासून सर्वांत लांब आहे. आणि खऱ्या लेसरच्या गाभ्याशी ज्या रचनेचे खरे नाते आहे, तिला बहुतेक जण लेसर मानतच नाहीत.

खऱ्या लेसरची कसोटी

आइन्स्टाइनने १९१७ साली उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना मांडली. ऊर्जा साठवून बसलेल्या अणूजवळून योग्य तरंगलांबीचा फोटॉन गेला, तर अणू आपली ऊर्जा दुसऱ्या फोटॉनच्या रूपाने सोडतो. हा नवा फोटॉन पहिल्याची हुबेहूब प्रत असतो. दिशा तीच, तरंगलांबी तीच, लाटेची कलाही तीच. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत गेले की एकाच वळणाचा प्रकाश तयार होतो. ही कल्पना प्रत्यक्षात यायला चार दशकांहून अधिक काळ गेला. अमेरिकेत ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन याने १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवून दाखवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेलियम-निऑनचा वायू लेसर चालवला.

यातून चार प्रश्न मिळतात. किरण एका दिशेने जातो का? तो एकवर्णी आहे का? तो स्वतःसारख्याच प्रती काढून वाढतो का? सगळ्या लाटांची कला जुळलेली आहे का? खेळाच्या बाजूने आणखी तीन प्रश्न घ्यावे लागतात : लक्ष्य किती तापते, किरण किती वेगाने पोहोचतो, आणि तो हवा तेव्हा चालू-बंद करता येतो का.

कलेचा प्रश्न इथेच निकालात काढतो. पावडर टॉयमधला फोटॉन हा निव्वळ कण आहे, त्याला लाट नाही. दोन फोटॉन एकाच जागी आले तरी ते एकमेकांना उजळतही नाहीत की विझवतही नाहीत. दोन फटींचा प्रयोग या पटावर होणार नाही आणि होलोग्रामही बनणार नाही. पाचही रचना या कसोटीवर सारख्याच नापास होतात, त्यामुळे तुलना उरलेल्या प्रश्नांवर करायची.

पहिली रचना : क्लोनची नळी

नवखा खेळाडू सहसा इथून सुरुवात करतो. ‘क्लोन’ हा पदार्थ ज्या कणाला शिवतो तो कण निर्माण करत राहतो. त्याला एक फोटॉन शिवू द्यायचा, भोवती भिंतींची अरुंद नळी बांधायची, एक तोंड उघडे ठेवायचे. झाला लेसर.

जरा जवळून पाहू. क्लोनचा एक ठिपका एका फ्रेमला जास्तीत जास्त एक फोटॉन काढतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे सेकंदाला फार तर ६० फोटॉन. नव्या फोटॉनचा वेग फ्रेमला तीन ठिपके असतो आणि दिशा आठांपैकी कोणतीही एक : चार सरळ, चार तिरप्या. नळीच्या तोंडाकडे थेट जाणारे फोटॉन त्यामुळे आठातले एक, म्हणजे सेकंदाला सरासरी सात-आठ. बाकीचे नळीच्या भिंतींवर आपटत, परावर्तित होत, कसेबसे बाहेर पडतात आणि तोंडातून निघताच फाकतात. नळी कितीही लांब केली तरी तिरपे फोटॉन आपोआप सरळ होत नाहीत. आपटत का होईना, ते बाहेर येतातच.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे क्लोनचे ठिपके वाढवणे. त्याने झोत दाट होतो, पण फाकणे तेवढेच राहते. दुसरा उपाय म्हणजे नळीला आतून ‘व्हॉइड’चे अस्तर लावणे. व्हॉइडला शिवलेला कण नाहीसा होतो. तिरपे फोटॉन अस्तरावर संपतात आणि नेमके सरळ जाणारेच बाहेर येतात. झोत क्षीण होतो, पण खऱ्या अर्थाने सरळ होतो. अस्तर लावलेली आणि न लावलेली नळी शेजारी शेजारी चालवून पाहावी. पहिलीचा किरण पटाच्या पलीकडच्या कडेलाही तेवढाच बारीक असतो, दुसरीचा तिथवर जाईतो पसरलेला असतो.

चालू-बंदची सोय हवी असेल तर साध्या क्लोनऐवजी ‘पॉवर्ड क्लोन’ वापरायचा. पी-टाइप सिलिकॉनमधून ठिणगी दिली की तो सुरू होतो, एन-टाइपमधून दिली की थांबतो. नियंत्रणाच्या कसोटीवर ही रचना चांगली उतरते. वेगाच्या कसोटीवर नाही. फ्रेमला तीन ठिपके म्हणजे सेकंदाला १८०. पटाची रुंदी ओलांडायला फोटॉनला २०४ फ्रेम, म्हणजे जवळपास साडेतीन सेकंद लागतात. प्रकाश डोळ्यांदेखत सरकताना दिसतो. अभ्यास करणाऱ्याला ते सोयीचेच आहे, पण हलत्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला नाही.

९२२ अंशांची मर्यादा

क्लोनच्या नळीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खेळातला नवा फोटॉन ९२२ अंश सेल्सिअस तापमान घेऊन जन्मतो. खेळातला साधा धातू १००० अंशांना वितळतो. उष्णतेचा हिशेब हा खेळ शेजारच्या कणांच्या तापमानांची सरासरी काढून करतो. सरासरी ही सर्वांत गरम घटकाच्या वर जाऊ शकत नाही. तेव्हा मूळ तापमानाच्या फोटॉनचा झोत एका ठिपक्याचा असो वा पन्नास ठिपक्यांचा, दहा सेकंद चालो वा तासभर, तो साध्या धातूला ९२२ अंशांपलीकडे नेणार नाही. धातू लालभडक दिसेल, वितळणार नाही. क्लोनचे ठिपके वाढवत बसणाऱ्याचे श्रम इथे वाया जातात. फोटॉनची संख्या वाढली की लक्ष्य ९२२ पर्यंत लवकर पोहोचते, एवढाच फरक.

खऱ्या जगात असा नियम कोणत्या प्रकाशाला लागू होतो? सूर्यप्रकाशाला. बहिर्वक्र भिंगाने ऊन एकवटून कागद पेटवता येतो. भिंग कितीही मोठे घेतले तरी त्याखालची वस्तू सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे सुमारे ५५०० अंशांपेक्षा, जास्त तापत नाही. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, उलट नाही. उष्मागतिकीचा हा नियम भिंगाने मोडत नाही. लेसरवर हे बंधन नाही, कारण त्याचा प्रकाश तापलेल्या वस्तूच्या उष्णतेतून आलेला नसतो. खोलीच्या तापमानाला चालणारे यंत्र लक्ष्याला त्या यंत्रापेक्षा कितीतरी पट तापवू शकते. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत डिसेंबर २०२२ मध्ये १९२ लेसर किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा एका चिमुकल्या लक्ष्यावर सोडली आणि अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. ते लक्ष्य कोट्यवधी अंशांपर्यंत तापले. लेसरची काच काही तेवढी तापलेली नव्हती.

म्हणून मी म्हणतो की क्लोनची नळी दिसायला लेसर असली तरी वागायला बारीक फटीतून आलेले ऊन आहे. झोत अधिक गरम हवा असेल तर फोटॉनचेच तापमान वाढवावे लागते, उदाहरणार्थ नळीच्या आत एखादा न वितळणारा पदार्थ तापवून ठेवून. उलट नळी थंड धातूची असेल तर वाटेतच फोटॉन आपली उष्णता तिला देऊन टाकतात. ज्यांचा लेसर ‘का कोण जाणे तापवत नाही’, त्यांनी आधी नळीचा पदार्थ पाहावा. खेळातल्या भिंती कणांच्या बनलेल्या नसतात, त्यांना तापमान नसते, त्यामुळे त्या उष्णता घेत नाहीत. झोताची धग राखायला त्या चांगल्या.

काच, फिल्टर आणि क्वार्ट्झ

लेसर म्हटला की भिंग आणि आरसे आलेच. इथे खेळाच्या कर्त्यांनी घेतलेले कष्ट मनापासून दाद देण्याजोगे आहेत. फोटॉनचा रंग त्यांनी तीस भागांच्या वर्णपटात मांडला आहे. पांढऱ्या फोटॉनमध्ये तीसही भाग असतात. पदार्थावरून परावर्तित होताना त्यातले काही भाग शोषले जातात. एकही उरला नाही तर फोटॉन संपतो. काचेचा अपवर्तनांक तरंगलांबीप्रमाणे किंचित बदलतो. काचेचा त्रिकोण काढून त्यावर पांढरा झोत सोडला की शाळेच्या पुस्तकातल्या लोलकासारखे अपस्करण पटावर दिसते.

याचा लेसरवर थेट परिणाम होतो. काचेचे बहिर्वक्र भिंग काढून पांढरा झोत एकवटायला गेलो तर निळा एका जागी आणि लाल दुसऱ्या जागी एकवटतो. लक्ष्यावर बिंदू न पडता रंगीत पट्टा पडतो. त्यावरचा इलाज म्हणजे भिंगाच्या आधी फिल्टर ठेवणे. फिल्टर तीस भागांतून सलग पाच भागांची पट्टी बसवतो. कोणती पट्टी, हे त्याच्या तापमानावर ठरते. थंड फिल्टर निळ्या टोकाला, तापलेला लाल टोकाला, आणि दर ४० अंशांना पट्टी एक घर सरकते. तापत्या झोताने फिल्टर तापून त्याचा रंग बिघडेल, अशी शंका येते. पण फोटॉन आणि फिल्टर यांच्यात उष्णतेची देवघेव होऊ नये अशी खास सवलत कोडात ठेवलेली आहे. फिल्टरमागे भिंग ठेवले की बिंदू कितीतरी नेमका पडतो. एकवर्णी प्रकाशाचे महत्त्व शिकवणारा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नसेल.

काचेला मात्र ती सवलत नाही. फोटॉन काचेतून जाताना तिला तापवतात. ९२२ अंशांच्या झोताने काही होत नाही, कारण काच १७०० अंशांना वितळते. पण झोत मुद्दाम तापवून दोन हजार अंशांवर नेला, तर लक्ष्याच्या आधी भिंगच वितळते. शक्तिशाली लेसर बांधणाऱ्या खऱ्या अभियंत्यांनाही आपले भिंग आणि आरसे वाचवण्याची हीच चिंता असते. क्वार्ट्झ अधिक उष्णता सोसतो, पण तो काचेची जागा घेऊ शकत नाही. त्यातून जाणारा फोटॉन वाटेल त्या दिशेला विखुरतो. तिथे भिंग बनत नाही, धुके बनते.

दुसरी रचना : आयसोझेडचे माध्यम

आयसोझेड हा खेळातला किरणोत्सारी द्रव. फोटॉन त्याला शिवला, किंवा भोवतीचा दाब शून्याखाली गेला, की त्याचे विघटन होऊन फोटॉन निघतात. थंड केला तर तो घन होतो.

कागदावर ही रचना खऱ्या लेसरच्या सर्वांत जवळची वाटते. ऊर्जा साठवलेले माध्यम आहे. फोटॉन आला की नवा फोटॉन बाहेर पडतो. माध्यमाच्या दोन्ही बाजूंना परावर्तन करणाऱ्या पट्ट्या लावल्या की फोटॉन मागे-पुढे फिरून आणखी फोटॉन सोडवतात. पण कोड उघडून पाहिला की आशा मावळते. नवा फोटॉन कोणत्या दिशेने जावा, हे तिथे निव्वळ यादृच्छिकपणे ठरते. ज्याने त्याला जन्म दिला त्याची दिशा तो घेत नाही. साखळी तर चालते, पण प्रत काही निघत नाही. परिणामी आयसोझेडचा साठा एकदा पेटला की चहूकडे प्रकाश उधळतो, किरण होत नाही. त्याचे वागणे अणुबॉम्बच्या साखळीसारखे आहे.

माध्यम संपत जाते, हे या रचनेचे दुसरे वैशिष्ट्य. क्लोन शून्यातून अखंड फोटॉन काढत राहतो. आयसोझेडचा प्रत्येक फोटॉन एका कणाच्या मोबदल्यात येतो. ऊर्जेची किंमत मोजायला लावणारी ही पाचांतली एकमेव रचना, आणि त्यासाठी मला तिच्याविषयी आदर आहे. खऱ्या लेसरलाही पंप लागतो, आणि पंपाला दिलेली सगळी ऊर्जा किरणात उतरत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसर दिलेल्या विजेच्या सुमारे १० ते २० टक्केच प्रकाशात आणतो, आणि तेवढ्यावरही तो कार्यक्षम गणला जातो.

तिसरी रचना : ए-रे

ए-रे हा किरण सोडणारा घन पदार्थ. त्याला एका बाजूने ठिणगी मिळाली की विरुद्ध बाजूला बी-रे नावाच्या कणांची सरळ रेघ उमटते. दिशा नेमकी, फाकणे शून्य, आणि वेग म्हणाल तर संपूर्ण रेघ एकाच फ्रेममध्ये तयार होते. रेघ तीस फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद टिकते. बॅटरीने ठिणग्या देत राहिलो तर अखंड दिसते. किरण दुसऱ्या टोकाला वाहक पदार्थावर पडला की तिथे ठिणगी पेटते. वाटेत फिल्टर ठेवला की किरण त्याचा रंग घेतो. दोन किरण एकमेकांना छेदले की छेदबिंदू बराच जास्त काळ टिकतो. पी-टाइप सिलिकॉनने ठिणगी दिली तर किरण पुसणारा होतो आणि आधीची रेघ मिटवतो.

हा किरण लक्ष्य कापत नाही. पण फिल्टरचे तीस भाग म्हणजे तीस बिटांची संख्या असे खेळाडूंनी ओळखले, आणि तिथून ए-रेचे खरे आयुष्य सुरू झाले. फिल्टर केवळ रंग बसवत नाही. दोन रंगांतले सामाईक तेवढे राखणे, एकत्र करणे, वजा करणे, उलट करणे अशा क्रियाही तो करतो. म्हणजे किरण फिल्टरांच्या रांगेतून गेला की एका फ्रेममध्ये तीस बिटांचे गणित होऊन बाहेर पडते. पलीकडे डिटेक्टर हा पदार्थ तो रंग वाचून शेजारच्या फिल्टरवर उतरवतो. कणांचा हिशेब खेळ त्यांच्या क्रमांकाप्रमाणे करतो. हा क्रम साधून एकाच फ्रेममध्ये अनेक पायऱ्या उरकणारे संगणक या पटावर बांधले गेले आहेत. लेसरचा एक मोठा उपयोग आज काचतंतूंतून माहिती वाहून नेण्याचा आहे, हे ध्यानात घेतले तर ए-रेला दुबळा लेसर म्हणणे अन्यायाचे ठरते. कापण्याच्या कसोटीवर शून्य, संदेशाच्या कसोटीवर पैकीच्या पैकी.

चौथी रचना : सी-रे

सी-रेला एखादा पदार्थ नेमून द्यायचा आणि ठिणगी द्यायची. तो त्या पदार्थाची रेघ समोर उमटवतो. लांबी ठरवली नसेल तर २५५ ठिपके. नव्या कणांना सी-रेचे स्वतःचे तापमान मिळते, आणि खेळातले कमाल तापमान सुमारे ९७२५ अंश आहे. सी-रे तेवढा तापवून त्याला प्लाझ्मा नेमून दिला तर एका फ्रेममध्ये समोर आगीची सुरी उभी राहते. १६६८ अंशांना वितळणारे टायटॅनियमही तिच्यापुढे टिकत नाही. पी-टाइप सिलिकॉनने ठिणगी दिली तर तापवण्याचीही गरज नाही. हिरा सोडून वाटेतले कण सरळ पुसले जातात. ‘सर्वांत भारी लेसर’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पुष्कळ रचनांच्या पोटात सी-रेच असतो.

पण यात प्रकाश कुठे आहे? आग किंवा पदार्थ जागेवर उमटवला जातो, कुठून प्रवास करून येत नाही. सी-रेला फोटॉन नेमून दिला तर हे उघडे पडते. रेघेतला प्रत्येक फोटॉन जन्मताच आठांपैकी एका दिशेने निघून जातो आणि रेघ क्षणात विस्कटते. कापण्याच्या स्पर्धेत सी-रे पहिला यावा यात नवल नाही, पण ती स्पर्धा लेसरची नव्हे.

कापणारा खरा लेसर हा विषय मराठी वाचकाला अगदी जवळचा आहे. कारखान्यांतून पत्रा, लाकूड, ॲक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली जगापुढे आणणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि पुढे बेल प्रयोगशाळेत त्यांनी हे काम केले. त्यांच्या लेसरचा प्रकाश १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. धगधगता प्लाझ्मा नाही, झगमगाट नाही. नळीतला वायू तुलनेने थंडच असतो, आणि पलीकडे पोलाद कापले जाते. सी-रेच्या प्लाझ्माशी तुलना केली की खऱ्या यंत्राची थोरवी कळते. तिथे उष्णता किरणातून वाहत येत नाही. ती लक्ष्यात, प्रकाश शोषला जातो तेव्हा, तयार होते.

पाचवी रचना : डी-रे

डी-रेचे काम नक्कल काढणे. ठिणगी मिळाली की तो समोरच्या रेघेतले ठरावीक संख्येचे कण उचलतो आणि त्यांच्या पुढच्या जागी त्यांची प्रत ठेवतो. खेळाडू तो स्मृती उतरवण्यासाठी, संगणकाचे भाग हलवण्यासाठी वापरतात. लेसरच्या यादीत त्याचे नाव क्वचित येते.

पण डी-रे कणाची प्रत काढतो तेव्हा काय काय उतरते, ते पाहा. फक्त प्रकार नाही. वेग, दिशा, रंग, तापमान, उरलेले आयुष्य, सगळे. फोटॉनची प्रत काढली तर ती मूळ फोटॉनच्याच दिशेने, त्याच रंगाने निघते. आयसोझेड जिथे कमी पडतो नेमकी तीच गोष्ट इथे साधते. आइन्स्टाइनच्या उत्तेजित उत्सर्जनाचा गाभा, कला वगळता, खेळात या एकाच पदार्थात उतरला आहे.

त्यावर आधारलेला लेसर असा बांधता येईल. व्हॉइडचे अस्तर लावलेल्या नळीतून एका ठिपक्याचा सरळ झोत काढा आणि फिल्टरमधून तो एकवर्णी करा. झोताला चिकटून, काटकोनात, एक ठिपका उचलण्याची नेमणूक केलेले तीन डी-रे ओळीने ठेवा. फोटॉन फ्रेमला तीन ठिपके उडी घेतो, म्हणून तीन ठेवले की तो कोणाच्या तरी समोर सापडतो. ठिणगी पडली की झोताच्या शेजारच्या ओळीत त्याची प्रत उमटते आणि दोघे समांतर चालू लागतात. पुढच्या टप्प्यावर दोन ठिपके उचलणारे डी-रे, त्यापुढे चार उचलणारे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. झोत रुंदावतो, पण फाकत नाही. रंगही तोच राहतो.

दोष आहेत. ठिणगीला वाहकातून पुन्हा धावण्याआधी काही फ्रेम थांबावे लागते, त्यामुळे वाढ अखंड न होता झटक्याझटक्याने होते, आणि टप्प्यांची वेळ जुळवणे जिकिरीचे आहे. आयसोझेडमध्ये लागते तशी ऊर्जेची किंमत इथे मोजावी लागत नाही. तापमानाचे बंधनही कायम आहे, कारण प्रत मूळ फोटॉनइतकीच गरम. तरीही लेसर या नावाला लायक रचना निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

तुलना कशी करावी

ज्यांना आपली रचना दुसऱ्याच्या रचनेसमोर उभी करायची आहे, त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. लक्ष्य सारखे ठेवावे : तोच पदार्थ, तीच जाडी, तेच सुरुवातीचे तापमान, तेच अंतर. वेळ सेकंदांत न मोजता फ्रेममध्ये मोजावी, कारण पटावर कण वाढले की संगणक मंदावतो आणि सेकंदांचा भरवसा राहत नाही. स्पेसबारने खेळ थांबवून एफ हे बटण दाबले की एकेक फ्रेम पुढे सरकते, तेव्हा मोजणी अवघड नाही. आणि तापवण्याची, फाकण्याची, वाढीची अशा वेगवेगळ्या कसोट्यांचे निकाल वेगवेगळे लिहावेत. सगळे एका ‘शक्ती’त मिसळले की तुलनेत अर्थ उरत नाही.

कणांची कमाल संख्याही ध्यानात ठेवावी. पटावर जास्तीत जास्त २,३५,००८ कण मावतात, म्हणजे ६१२ गुणिले ३८४. फोटॉनचे नैसर्गिक आयुष्य ६८० फ्रेम असते. चारी बाजूंनी बंद पेटीत क्लोनचे पुष्कळ ठिपके चालवले की फोटॉन बाहेर न पडता साचत जातात आणि पट रेंगाळू लागतो. चांगली रचना कमी कणांत काम करते, आणि हा निकषही गुणपत्रिकेत असायला हवा.

निवड करायची तर अशी. प्रकाशाचे नियम शिकायचे असतील तर अस्तर लावलेली क्लोनची नळी, फिल्टर आणि काचेचे भिंग घ्या. साखळी प्रक्रिया आणि ऊर्जेचा हिशेब पाहायचा असेल तर आयसोझेड. संदेश आणि गणितासाठी ए-रेला तोड नाही. निव्वळ कापायचे असेल तर सी-रे, पण त्याला सुरी म्हणावे. लेसर म्हणजे नेमके काय हे समजून घ्यायचे असेल तर डी-रे.

राहिलेली जागा

पाचही रचना पाहिल्यावर खेळात एका पदार्थाची उणीव जाणवते. आयसोझेडसारखी ऊर्जा साठवणारा, पण विघटन होताना शिवलेल्या फोटॉनची दिशा आणि रंग नव्या फोटॉनला देणारा पदार्थ. ठिणगीने तो पुन्हा भरता यावा, म्हणजे पंपही आला. दोन बाजूंना परावर्तक पट्ट्या लावल्या की मग पटावर खरा लेसर उभा राहील : सुरुवातीला सगळीकडे विखुरलेला प्रकाश, आणि पट्ट्यांना काटकोनात जाणारे फोटॉन तेवढे वाढत वाढत शेवटी सगळ्यांवर मात करणारे. लेसरमध्ये दिशा कोणी बाहेरून लादत नाही, ती स्पर्धेतून निवडली जाते. पुस्तकातल्या आकृतीत हे दिसत नाही, पटावर फ्रेमगणिक दिसेल.

हे काम आवाक्याबाहेरचे नाही. खेळात लुआ या भाषेत स्क्रिप्ट लिहून नवा पदार्थ घालता येतो. आयसोझेडचे वागणे आणि डी-रेची नक्कल ही दोन्ही कोडात आधीपासून आहेत. त्यांची गाठ घालायची आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने प्रकल्प म्हणून हे हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी उत्तेजित उत्सर्जन पाठ करून भागणार नाही. प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक कणासाठी, नव्या फोटॉनला जुन्याकडून नेमके काय मिळते, हे स्वतः ठरवून लिहावे लागेल. ते लिहून झाले आणि पटावर किरण उभा राहिला, की लेसर समजला असे खुशाल म्हणावे.